जुनी होंडा सिटी व्हीटेक परत धडधाकट उभी करायची असेल तर आधी रंगाच्या डब्याला हात लावू नका

जपानी स्पोर्ट्स कार म्हटलं की पोरं लगेच स्कायलाईन, सुप्रा सुरू करतात, पण वापरलेली गाडी बाहेरून आणायचे नियम आपल्याकडे इतके आवळलेत की त्या गाड्या फोनच्या वॉलपेपरवरच बघायच्या. आपल्या वाट्याला जी जपानी मजा आली ती साध्या सेडानच्या कपड्यात आली. १९९८ ला आलेली पहिली होंडा सिटी, पुढे तिचंच व्हीटेक मॉडेल (व्हीटेक म्हणजे जोरात पळवताना वॉल्व्ह जास्त उघडणारं होंडाचं तंत्र), आणि त्याच सुमाराची मित्सुबिशी लान्सर. सिटी व्हीटेक म्हणजे १.५ लिटर, १०६ पीएस आणि वजन टनभर, त्यामुळे अजूनही कात्रजच्या चढाला नवीन गाड्यांना मागे टाकते. २००३ ला बंद झाली, म्हणजे सगळ्यात तरुण गाडी सुद्धा वीस वर्षांच्या पुढची आहे.

माझ्याकडे एक आहे, चार वर्षं झाली. त्यातून कळलेलं एकच सांगतो, या इंजिनाचं लोखंड मरत नाही, रबर मरतं. आणि रबर मेलं की आधीच्या मालकाने केलेला जुगाड उघडा पडतो. त्यामुळे रिस्टोअर करणं म्हणजे निम्मं काम रबर बदलणं आणि निम्मं जुगाड काढणं. रंग, अलॉय, स्टिकर हे सगळं नंतर.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गरम इंजिन सगळं लपवतं. बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर समजून घ्या. मग फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून बघाच, लोक लाजतात उचलायला, लाजू नका, ओलं लागलं किंवा कुबट वास आला तर काचेचं रबर गेलंय किंवा वायपरखालच्या पाणी जायच्या वाटा पानांनी तुंबल्यात. झाडाखाली लावलेल्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे आणि पुण्यात जुन्या सोसायटीत झाड नाही अशी पार्किंगची जागा कुठे असते.

कागद. आरसी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झालीय, हे सौद्याच्या वेळी धरूनच बोला. आरसी संपलेली असेल तर 'करून देतो हो नंतर' यावर पैसे देऊ नका, मालक आरटीओत स्वतः उभा राहिला पाहिजे. इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, कारण या गाड्यांत इंजिन बदललेलं असणं अगदी कॉमन आहे.

आता काम. गाडी घरी आली की पहिल्या शनिवारी धुवायची नाही, खाली वाकायचं. कूलंटचे होज, पेट्रोलचे होज, व्हॅक्यूमच्या बारक्या नळ्या, ब्रेकचे होज, इंजिन माउंटिंग, ड्राइव्हशाफ्टचे बूट म्हणजे रबरी टोप्या, हे सगळं दाबून, पिळून बघा. कडक झालंय किंवा चिरा दिसतायत तर बदला, पुढच्या महिन्यात बघू म्हणू नका. पेट्रोलच्या होजचं जास्त जपा, कारण आता पंपावर ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळचं रबर एवढ्या इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉल चालणारे होज मागा आणि होज आवळायच्या जुबली क्लिप पण नवीन घ्या, दहा रुपयाच्या क्लिपसाठी गाडी जाळायची नाहीये आपल्याला. ब्रेक होजची एक गंमत आहे, ते बाहेरून ठीक दिसतात पण आतून सुजतात, मग पॅडल सोडलं तरी एक चाक धरून ठेवतं आणि आपण बिचाऱ्या कॅलिपरला दोष देतो. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि सिंहगडावरून उतरताना पॅडल मऊ पडल्यावर ते आठवून काही उपयोग नाही.

मग कूलिंग. इथे सगळ्यात जास्त जुगाड सापडतो. गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह) काढून फेकलेला असतो आणि फॅन डायरेक्ट केलेला असतो, म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू. ऐकायला हुशारी वाटते पण थर्मोस्टॅट नसला की इंजिन हायवेवर नीट तापतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून थंडच आहे म्हणून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतो, आणि व्हीटेक सुद्धा लागत नाही कारण तो इंजिन तापल्याशिवाय लागू द्यायचा नाही असंच कंपनीने ठरवलंय. तर थर्मोस्टॅट परत बसवा, फॅनचा स्विच नवीन टाका, वायरिंग मूळ जागी आणा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर ते गंजकं चहासारखं निघेल, साफ पाणी येईपर्यंत फ्लश करा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. भरताना थर्मोस्टॅटच्या घराजवळ हवा काढायचा बोल्ट असतो तो ढिला करा, हीटर फुल गरमवर ठेवा, बुडबुडे थांबले की बोल्ट बंद. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, एकदा जरी काटा लाल रेषेला लागला तरी ते वाकू शकतं, मग हेड उचला, लेथवर फेसिंग करा, गॅस्केट टाका, दोन आठवडे आणि चांगला दणका.

टायमिंग बेल्टबद्दल (खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा, वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा पट्टा) मालक काय म्हणतो ते ऐकूच नका. बिल दाखवलं तर ठीक, नाहीतर बेल्ट जुना समजून बदलायचाच. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हला जाऊन धडकतात, वॉल्व्ह वाकतात. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्टला ताण देणारं चाक), वॉटर पंप, क्रँक आणि कॅमचं सील हे सगळं एकदमच करा, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि तो सहा महिन्यांनी गळायला लागला तर मजुरी परत पहिल्यापासून. आता नीट लक्ष द्या, हे होंडाचं इंजिन पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. इतर गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री सवयीने सुलट फिरवतात आणि टायमिंग एक दात चुकतं. पहिल्या सिलिंडरला टॉपवर आणा, कॅमच्या चाकावरचं 'अप' वर आलं पाहिजे, पुलीवरची पांढरी खूण जुळली पाहिजे. बेल्ट चढवल्यावर हाताने पाच-सहा फेरे उलट दिशेनेच फिरवा, मग टेन्शनरचा बोल्ट ढिला करून कॅमचं चाक तीन दात पुढे न्या, पुन्हा उलट दिशेनेच, आणि तिथे बोल्ट आवळा. परत खुणा बघा. क्रँक पुलीचा बोल्ट मात्र वर्षानुवर्षं आवळत गेलेला असतो, घरच्या पान्याने सुटणार नाही, त्याला गॅरेजची इम्पॅक्ट गन लागते. मी पाइप लावून दीड तास झटलो, पाना वाकला आणि बोल्ट तसाच.

टॅपेट सेटिंग, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला बारीक गॅप जुळवणं, मात्र घरी जमतं आणि मला तर त्यात मजा येते. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळचा चहा झाला की सुरू. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी. क्रम १-३-४-२, प्रत्येक वेळी क्रँक अर्धा फेरा, परत तेच, उलट दिशेनेच. फिलर गेज म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, ती ओढताना हलकं अडकत सरकलं पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखं गेलं तर गॅप जास्त आहे. नट आवळताना गॅप हमखास बदलतो म्हणून आवळल्यावर परत तपासा. व्हीटेकच्या इनटेक बाजूला प्रत्येक सिलिंडरचा मधला रॉकर वेगळा असतो, त्याला सेटिंग नाही, तो फक्त बोटाने दाबून बघायचा, दाबला गेला पाहिजे आणि परत वर आला पाहिजे. अडकत असेल तर पुढे जाऊ नका, जाणकाराला दाखवा.

आता व्हीटेकच लागत नाही ही तक्रार. हे सगळं तंत्र ऑईलच्या प्रेशरवर चालतं. होंडाने हे पहिल्यांदा १९८९ मध्ये इंटेग्रात दिलं, आपल्या सिटीत त्याचं साधं रूप आहे, एकच कॅमशाफ्ट आणि फक्त इनटेक वॉल्व्हला. वरच्या आरपीएमला सोलेनॉइड (विजेवर चालणारा वॉल्व्ह) ऑईलची वाट उघडतो, त्या प्रेशरने रॉकरमधल्या पिन सरकतात, तिन्ही रॉकर एक होतात आणि मधला उंच कॅम वॉल्व्हला जास्त उघडतो. म्हणजे ऑईल कमी, ऑईल घाण किंवा सोलेनॉइडची जाळी तुंबलेली, यातलं काहीही एक असलं तरी खेळ खल्लास. सोलेनॉइड काढा, त्याच्या गॅस्केटमध्ये बारीक जाळी असते, तिथे काळा गाळ दिसेल, गॅस्केटच नवीन टाका, तसंही तिथून ऑईल गळतच असतं. चेक इंजिनचा दिवा असेल तर कोड बघा, २१ म्हणजे सोलेनॉइडचं सर्किट, २२ म्हणजे प्रेशर स्विच. आणि न्यूट्रलमध्ये रेस देऊन 'बघ व्हीटेक लागला' म्हणणारे मित्र असतील तर त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा, गाडी चालत असल्याशिवाय तो लागतच नाही. ऑईल साधारण सव्वातीन-साडेतीन लिटर बसतं, दर ५,००० किमीला बदला आणि मधे दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा, ही इंजिनं जोरात पळवली की थोडं ऑईल पितात.

एक गोष्ट सांगतो, माझीच. एप्रिल महिना, साताऱ्याहून परत येतोय, आई-बाबा मागे, खंबाटकीच्या अलीकडे उसाच्या रसाला थांबलो. अर्ध्या तासाने परत आलो तर गाडी स्टार्ट होईना, स्टार्टर छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही. संध्याकाळ झाली, ऊन उतरलं, आपोआप चालू. पुण्यात एका गॅरेजने पेट्रोल पंप बदलला, दुसऱ्याने प्लग आणि वायरी, भरपूर पैसे गेले आणि पुढच्या दुपारी परत तेच. शेवटी निघालं काय तर डॅशबोर्डखालचा मेन रिले. त्याच्या आतल्या सोल्डरिंगला केसासारख्या चिरा पडतात, केबिन तापलं की संपर्क तुटतो, थंड झालं की जुळतो. जुन्या होंडांचं हे जगभर प्रसिद्ध दुखणं आहे. तपासायची पद्धत फुकट आहे, चावी ऑनवर फिरवा आणि कान मागच्या सीटकडे द्या, दोन सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. उन्हात बंद पडल्यावर ही घूं येत नसेल तर पंपाच्या आधी रिले धरा. डबी उघडा, भिंगाने बघा, पिनांभोवती गोल चिरा दिसल्या की नवीन डाग द्या, रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणारा कुणीही पाच मिनिटांत देतो. माझं काम शंभर रुपयांत झालं आणि आई अजून विचारते, "उन्हात थांबायचं का आता?"

गाडी आता चालते, थांबते, तापत नाही. मग पत्रा. गंजाचा भाग कापून नवीन पत्रा लावणाराच माणूस शोधा, वरून पुट्टी थापणारे ढिगाने आहेत. सीओटू वेल्डिंगवाला हवा, गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटा येऊन वाकतो. आतल्या बाजूने झिंक प्रायमर आणि पोकळ्यांत मेण किंवा गंजरोधक स्प्रे मारून घ्या, आणि दारांच्या तळाची भोकं बुजवली नाहीत ना हे रंग झाल्यावर काडी घालून बघा. रंगाबद्दल एवढंच, कंपनीचाच रंग ठेवा, बदलला तर आरसीवर चढवावा लागतो.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, पण नुसतं नाव सांगत जाऊ नका, जुना पार्ट फडक्यात गुंडाळून सोबत न्या. दुकानदार काउंटरवर ठेवून दोन्ही जुळवेल तेव्हाच पैसे. या इंजिनाचं कुटुंब सिव्हिकमध्येही होतं त्यामुळे गॅस्केट, सील, डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पार्ट बाहेरूनही मागवता येतात. काचा, दिवे, दारांच्या पट्ट्या यांसाठी मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, सकाळची गाडी धरा आणि अख्खा दिवस काढून ठेवा. एक जास्तीचा डिस्ट्रिब्युटर मिळाला तर उचला, तो आतून ऑईल पितो आणि एक दिवस न सांगता जातो.

उभी ठेवायची असेल तर पावसाळ्याआधी दोन कामं. टाकी अर्धी रिकामी ठेवून दोन महिने झाकू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, जागेवर चालू करून ठेवणं म्हणजे चालवणं नाही, त्याने सायलेन्सर आतून ओला होतो आणि गंजतो. मी रविवारी पहाटे मुळशीपर्यंत जाऊन येतो. आणि उंदीर. पावसात ते बॉनेटखाली येतात, वायरिंगचं गरम रबर त्यांना फार आवडतं. मी बॉनेट रात्रभर थोडं उघडं ठेवतो, उजेड आत गेला की ते येत नाहीत असं आमचा वॉचमन म्हणतो, खरं-खोटं माहीत नाही, पण त्यानंतर एकच वायर गेलीय आणि तीही हॉर्नची.