‘पोल’ म्हणजे नेमके काय? बातमी वाचताना, लिहिताना आणि भाषांतर करताना या चुका टाळा

निवडणुकीचा हंगाम आला की मराठी वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि मोबाइलवरच्या संदेशांत ‘पोल’ हा इंग्रजी शब्द पदोपदी भेटू लागतो. ओपिनियन पोल, एक्झिट पोल, मॉक पोल, रिपोल, पोलिंग बूथ, पोलिंग एजंट ही त्याची रूपे इतकी रुळली आहेत की त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरूनच आपण पुढे जातो. प्रत्यक्षात या एका शब्दात मतदान, निवडणूक, जनमताची चाचणी, मतांची मोजणी आणि जुन्या वापरात तर थेट माणसाचे डोके, असे अनेक अर्थ नांदत आहेत. अभिप्रेत अर्थ न ओळखता दुसराच लावला, तर मतदाराची दिशाभूल होते, चाचणीला निकालाचे वजन मिळते आणि इतिहासाच्या पुस्तकात भलताच कर अवतरतो.

मुळात ‘पोल’ म्हणजे डोके, त्यातही डोक्याचा माथा. जमलेल्या लोकांची डोकी मोजून कौल ठरवायचा, म्हणून डोकी मोजण्याच्या क्रियेला आणि पुढे मतदानालाच हा शब्द चिकटला. लोकांना प्रश्न विचारून त्यांच्या मताचा अंदाज घेणे हा अर्थ त्या मानाने बराच अलीकडचा आहे. मराठी माणसाला ही वाट अनोळखी वाटू नये, कारण ‘दरडोई’ आणि ‘शिरगणती’ हे आपले शब्द त्याच वाटेने आलेले आहेत. ३ जुलै २०२२ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा सदस्यांनी एकेक करून उभे राहून आपले मत नोंदवले आणि १६४ विरुद्ध १०७ असा कौल लागला. त्या वेळी सर्वत्र वापरला गेलेला ‘शिरगणती’ हा शब्द ‘पोल’च्या मूळ अर्थाच्या अगदी जवळचा आहे.

मतदान आणि निवडणूक यांची सरमिसळ

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो आणि त्याला भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांची सवय बरीचशी कारणीभूत आहे. मथळ्यात जागा कमी असते, म्हणून तेथे ‘इलेक्शन’ऐवजी सर्रास ‘पोल’ लिहिले जाते. ‘पोल पॅनेल’ म्हणजे निवडणूक आयोग, ‘पोल कोड’ म्हणजे आचारसंहिता, ‘बायपोल’ म्हणजे पोटनिवडणूक आणि ‘सिव्हिक पोल्स’ म्हणजे महापालिकेची निवडणूक. कायद्याच्या आणि आयोगाच्या भाषेत मात्र ‘पोल’ म्हणजे केवळ मतदान, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेत मते नोंदवली जाण्याची क्रिया. निवडणूक ही लांब प्रक्रिया असते आणि मतदान हा तिचा एक टप्पा असतो. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली, ४ नोव्हेंबर हा माघारीचा शेवटचा दिवस होता, २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला मतमोजणी. यांतील ‘पोल डेट’ फक्त २० नोव्हेंबर. ‘पोल शेड्यूल’ म्हणजे मात्र हा संपूर्ण कार्यक्रम. त्यामुळे इंग्रजी मजकुरात ‘पोल’ दिसताच आधी हे पाहावे की उल्लेख एका दिवसाचा आहे की संपूर्ण प्रक्रियेचा, आणि त्यानुसार ‘मतदान’ किंवा ‘निवडणूक’ यांपैकी एक शब्द निवडावा.

याच गोंधळाचे अधिक गंभीर रूप ‘रिपोल’ या शब्दाबाबत दिसते. रिपोल म्हणजे फेरमतदान. फेरनिवडणूक नव्हे आणि फेरमतमोजणी तर नव्हेच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५८ नुसार मतदान यंत्र पळवले गेले, नष्ट झाले किंवा त्यात असा बिघाड झाला की त्या केंद्राचा कौल कळणेच शक्य नाही, तर आयोग त्या केंद्रावरचे मतदान रद्द ठरवून नव्याने घेण्याचा आदेश देतो. कलम ५७ मधली तहकुबी ही वेगळी गोष्ट आहे. दंगल किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान मध्येच थांबवावे लागले, तर ते पुढे जेथे थांबले होते तेथूनच सुरू होते आणि आधी दिलेली मते कायम राहतात. फेरमतदानात मात्र त्या केंद्रावरच्या प्रत्येक मतदाराला पुन्हा मत देण्याचा हक्क असतो. पहिल्या वेळची शाई डाव्या हाताच्या तर्जनीवर असल्यामुळे फेरमतदानाच्या वेळी ती मधल्या बोटाला लावली जाते. ‘बोटावर शाई आहे, म्हणजे आता आपल्याला मत देता येणार नाही’ असे समजून घरी बसलेला मतदार या दोन शब्दांतल्या फरकाची किंमत मोजत असतो. म्हणूनच बातमी लिहिणाऱ्याने ‘पुन्हा मतदान’ असे मोघम लिहून सोडून देऊ नये. मतदान तहकूब झाले होते की रद्द झाले होते, हे स्पष्ट लिहावे.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावात ग्रामस्थांनी स्वतःच मतपत्रिका छापून मतदान घेण्याचे ठरवले होते. प्रशासनाने जमावबंदी लागू केल्यानंतर ते झाले नाही. त्या दिवसांत काही ठिकाणी त्याला ‘फेरमतदान’ म्हटले गेले, काही ठिकाणी ‘मॉक पोल’. ग्रामस्थांच्या या निर्णयाबद्दल कोणाचे मत काहीही असो, हे दोन्ही शब्द तेथे लागू पडत नव्हते. फेरमतदानाचा आदेश फक्त आयोग देऊ शकतो आणि मॉक पोलला निवडणुकीच्या कामात ठरलेला तांत्रिक अर्थ आहे. ‘ग्रामस्थांचे अनौपचारिक मतदान’ एवढे म्हणणे पुरेसे आणि अचूक ठरले असते.

मॉक पोल म्हणजे रंगीत तालीम नव्हे

मॉक पोलला सरकारी मराठीत ‘अभिरूप मतदान’ म्हणतात. मतदान सुरू होण्याच्या वेळेपूर्वी साधारण दीड तास, उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर, यंत्रावर किमान ५० मते नोंदवली जातात. प्रत्येक उमेदवाराचे आणि ‘नोटा’चे बटण दाबून पाहिले जाते आणि यंत्राने दाखवलेला आकडा व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या जोडयंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताडला जातो. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असते. केंद्राध्यक्षाने कंट्रोल युनिटवरची क्लोज, रिझल्ट आणि क्लिअर ही बटणे याच क्रमाने दाबून ही मते पुसून टाकायची असतात, चिठ्ठ्या पेटीतून काढून त्यांच्यावर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करायच्या असतात. हे राहून गेले, तर मोजणीच्या टेबलावर यंत्रातला आकडा आणि नमुना १७-सी मध्ये, म्हणजे केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाच्या कागदावर, लिहिलेला आकडा जुळत नाही आणि एका साध्या विसराळूपणामुळे संशयाचे मोहोळ उठते. मतदान प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या कार्यकर्त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की मॉक पोलला वेळेवर हजर राहावे आणि ‘क्लिअर’ झाल्यावर एकूण मते शून्य दिसतात की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच सही करावी.

बूथ, केंद्र आणि इमारत

‘पोलिंग स्टेशन’ म्हणजे मतदान केंद्र. एका शाळेच्या इमारतीत अशी पाच-सहा केंद्रे असू शकतात आणि प्रत्येक केंद्राला मतदार यादीचा स्वतंत्र भाग जोडलेला असतो. बोलण्यात आपण या सर्वांना ‘बूथ’ म्हणतो. शिवाय पक्षांचे कार्यकर्ते बाहेर टेबल मांडून चिठ्ठ्या देतात, त्यालाही ‘बूथ’च म्हणतो. परिणामी शाळा बरोबर सापडलेला मतदार तासभर चुकीच्या खोलीच्या रांगेत उभा राहतो आणि यादीत नाव नाही असे ऐकून परत फिरतो. अशा वेळी नाव कापले गेले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी चिठ्ठीवरचा यादी भाग क्रमांक आणि दारावर लावलेला क्रमांक जुळतो का, ते पाहावे.

चाचणीला मतदान समजणे

इंग्रजीत ‘पोल’ क्रियापद म्हणूनही वापरला जातो आणि त्याचे तीन अर्थ होतात. एखाद्या उमेदवाराने चाळीस हजार मते ‘पोल केली’ म्हणजे मिळवली. एखाद्या केंद्रावर आठशे मते ‘पोल झाली’ म्हणजे पडली. आणि एखाद्या संस्थेने हजार लोकांना ‘पोल केले’ म्हणजे प्रश्न विचारले. या तिसऱ्या वाक्याचे ‘हजार जणांनी मतदान केले’ असे भाषांतर झाले, की पाहणीत दिलेले उत्तर थेट मतपेटीत जाऊन पडते. अनामत रकमेच्या बातमीत दुसरा अर्थ नेमका कळावा लागतो. पडलेल्या एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते न मिळवणाऱ्या पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते आणि या हिशेबात ‘नोटा’ची मते वैध मतांमध्ये धरली जात नाहीत.

‘ओपिनियन पोल’ म्हणजे मतदानापूर्वीची जनमत चाचणी. ‘एक्झिट पोल’ म्हणजे मत देऊन केंद्राबाहेर पडणाऱ्या मतदाराला तेथल्या तेथे विचारून काढलेला अंदाज. याशिवाय ‘पोस्ट-पोल’ नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात मतदानानंतर, मतदाराच्या घरी जाऊन, सविस्तर प्रश्नावली भरून घेतली जाते. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा लोकनीती कार्यक्रम अशी सर्वेक्षणे करतो. मराठीत ‘मतदानोत्तर चाचणी’ हा एकच शब्द शेवटच्या दोन्ही प्रकारांना लावला जातो आणि दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एकाच रांगेत बसतात. माझ्या मते एक्झिट पोलला तसेच म्हणू द्यावे आणि पोस्ट-पोलसाठी ‘मतदानोत्तर सर्वेक्षण’ राखून ठेवावे.

कायद्यानेही या प्रकारांना वेगवेगळे नियम लावले आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२६-अ नुसार पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाहीत आणि भंगाबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राचा शेवटचा टप्पा २० मे रोजी संपला, तरी मनाई १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत कायम होती, कारण इतर राज्यांतले मतदान शिल्लक होते. ‘आपल्याकडचे मतदान झाले, आता पाठवायला काय हरकत आहे’ असे म्हणून व्हॉट्सॲपवर आकडे फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पाहणी किती मोठी होती, एवढे विचारून भागत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळवली आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असे सांगितले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. टेलिफोन आणि मोटारीच्या याद्यांमधून निवडलेली, आणि त्यातही आपणहून उत्तर पाठवणारी माणसे सर्व मतदारांचे प्रतिनिधित्व करत नव्हती. संकेतस्थळांवरच्या आणि समाजमाध्यमांवरच्या ‘पोल’ना हाच दोष जडलेला असतो. त्यांच्या आकड्यांवरून ‘महाराष्ट्राचा कौल’ असा मथळा करणे ही चूक टाळलीच पाहिजे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पोल घेताना आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात: कोणी काय निवडले ते सर्वांना दिसते, आणि एकापेक्षा अधिक उत्तरे देण्याची सोय बंद न केल्यास एकाच माणसाचा कौल दोन्हीकडे मोजला जातो.

डोक्याचा अर्थ विसरल्यामुळे होणाऱ्या चुका

‘पोल टॅक्स’ म्हणजे मतदान कर नव्हे. त्याला मराठीत डोईपट्टी हा नेमका शब्द आहे: उत्पन्न न पाहता प्रत्येक डोक्यामागे सारखी आकारणी. १३८१ चा इंग्लंडमधला शेतकऱ्यांचा उठाव याच करामुळे पेटला. पुढे मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये आणलेल्या कराला लोकांनी तेच नाव दिले. जिझियाचा उल्लेखही इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘पोल टॅक्स’ असा येतो. तेथे ‘मतदान कर’ लिहिले तर सतराव्या शतकात मतदान कोठून आले, असा प्रश्न वाचकाला पडेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचे उदाहरण मात्र जपून हाताळावे. तेथेही ही डोईपट्टीच होती, पण ती भरल्याशिवाय मत देता येत नसे आणि गरीब कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्याचे ते हत्यार बनले. १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांपुरती आणि १९६६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांच्या निवडणुकांतूनही ही अट गेली. अशा मजकुरात ‘मतदानासाठी सक्तीची डोईपट्टी’ असे उलगडून लिहावे.

कंपनीच्या सर्वसाधारण सभेत ‘पोल मागणे’ म्हणजे पाहणीची मागणी नव्हे. हात वर करून घेतलेल्या मतदानात प्रत्येक उपस्थित भागधारकाचे एकच मत धरले जाते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १०९ नुसार पोल झाला, की मते भागांच्या प्रमाणात मोजली जातात आणि हातांनी दिलेला कौल उलटू शकतो. गंमत अशी की डोक्यांवरून आलेला शब्द येथे डोकी सोडून भांडवल मोजतो. भाषांतरात ‘भागांच्या प्रमाणात मतदान’ असे स्पष्ट लिहावे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कागदपत्रांत ‘डीड पोल’ आढळतो. त्याचा मतदानाशी काहीही संबंध नाही. दोन पक्षांतल्या कराराच्या कागदाची कड पूर्वी दातेरी कापत, एकट्याने केलेल्या दस्ताची कड मात्र डोके भादरल्यासारखी सरळ ठेवत, म्हणून तो ‘पोल’. तेथे नाव बदलण्यासाठी हाच दस्त चालतो. आपल्याकडे हे काम प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील प्रसिद्धी यांनी होते, म्हणून ‘डीड पोल’चे भाषांतर ‘राजपत्र’ असेही करू नये. ‘नावबदलाचा एकपक्षी दस्त’ असे लिहावे आणि मूळ नाव देवनागरीत शेजारी ठेवावे, म्हणजे कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तो ताबडतोब ओळखता येईल.