ट्रॅकवर जाण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलावे
स्वतः जुळवलेली किट स्पोर्ट्स कार वडोदऱ्याच्या दमट पावसाळ्यात गॅरेजमध्ये उभी राहिली असेल, तर ट्रॅकवर नेण्यापूर्वी इंजिनाआधी ब्रेक ऑइलकडे पाहावे; कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान २३० अंश सेल्सिअस असलेला उत्कलनबिंदू ओलावा मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. सलग जोरदार ब्रेक लावताना मग त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकते. नवे ऑइल सीलबंद डब्यातलेच घ्यावे. अर्धा उरलेला जुना डबा टाकून देणे जिवावर आले तरी तो वापरू नये. ऑइल बदलून ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढताना ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी घसरू देऊ नये. सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये.