रोबोटिक्स स्पर्धेसाठी शहर आणि हॉल कसा निवडायचा?

एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेज संघांची स्पर्धा पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात दोनदा झाली, २००८ मध्ये आणि २०१४ मध्ये. २००८ चा खेळ तर आपल्या दहीहंडीवरच बेतलेला होता. पुढे २०२२ साली यजमानपद दिल्लीकडे गेलं तेव्हा खेळ होता लगोरी. म्हणजे रोबोंच्या स्पर्धा भरवणं आपल्याला नवं नाही. तरीही राज्य किंवा राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेची जागा ठरवायला समिती बसली, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अमुक हॉल मस्त आहे, एसी आहे, आपल्या ओळखीचे आहेत.’ हॉलपासून सुरुवात केली की पुढची सगळी तुलना त्या हॉलच्या बाजूने वाकते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी गरज लिहा, मग चाळणी लावा, मग शहर बघा आणि हॉलचे गुण सगळ्यात शेवटी मोजा.

पायरी १: गरजेचा कागद

कुठलाही हॉल बघायला जाण्याआधी एका पानावर आकडे लिहून काढा. मैदान केवढं लागणार, हे स्पर्धेच्या प्रकारावर ठरतं. ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेची एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) किंवा तशीच व्हेक्स ही विद्यार्थ्यांची स्पर्धा असेल तर मैदान १२ फूट बाय १२ फूट असतं, शाळेच्या एका वर्गातही मावेल. ‘फर्स्ट’च्याच मोठ्या रोबोंच्या स्पर्धेचं, म्हणजे एफआरसीचं (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन), मैदान साधारण ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद. रोबोकॉनचं दरवर्षी बदलतं. २०२५ च्या बास्केटबॉलच्या खेळाला १५ मीटर बाय ८ मीटर जागा लागली.

मैदान हा मात्र जागेचा लहान भाग. खरी जागा पिट खातं, म्हणजे संघांनी रोबो उघडून बसायचं ठिकाण. एका संघाला १० फूट बाय १० फूट धरा. ५० संघांचे ५,००० चौरस फूट झाले. मधल्या वाटा धरल्या की हा आकडा सहज दुप्पट होतो, आणि वाटा अरुंद ठेवायचा मोह टाळायचा, कारण ट्रॉलीवर रोबो घेऊन दोन संघ समोरासमोर येणारच. त्यात सरावाचं मैदान, तपासणीचं टेबल, परीक्षकांच्या खोल्या आणि पालकांना बसायची जागा मिळवा.

मोठं म्हणजे चांगलं, असं मात्र समजू नका. आज ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरणारी फर्स्ट चॅम्पियनशिप १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मँचेस्टर नावाच्या शहरात, एका शाळेच्या जिममध्ये, २८ संघांवर सुरू झाली. तुमचे ३० संघ असतील तर एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजचा इनडोअर हॉल पुरे आहे.

पायरी २: चाळणी

काही अटी अशा आहेत की त्यांना गुण द्यायचेच नाहीत. हो किंवा नाही, एवढंच. ‘नाही’ आलं की ती जागा यादीतून बाद, मग ती कितीही सुंदर असो.

पहिली अट तारखेची. महाराष्ट्रात बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, पाठोपाठ दहावीची, मग जेईई आणि सीईटी. शाळा-कॉलेजातले हॉल या काळात परीक्षा केंद्रात अडकलेले असतात आणि मुलंही. सेटअपसाठी आधीचा किमान एक पूर्ण दिवस हॉल रिकामा ताब्यात मिळतो का, हेही इथेच विचारा. आदल्या रात्री तिथे लग्न असेल तर पहाटे तीन वाजता फुलांच्या कमानी उतरवताना बघत उभं राहावं लागतं.

दुसरी अट एका छपराची. पिट आणि मैदान एकाच इमारतीत, शक्यतो एकाच मजल्यावर हवं. २०१८ आणि २०१९ मध्ये फर्स्ट चॅम्पियनशिपचा एक भाग डेट्रॉइटला झाला. सामने कोबो सेंटरमध्ये आणि शेवटचा टप्पा फोर्ड फील्ड या फुटबॉल स्टेडियममध्ये. ह्यूस्टनमध्येही त्या वर्षांत अंतिम सामने जवळच्या बेसबॉल स्टेडियममध्ये होते. स्टेडियमचा थाट वेगळाच, पण हजारो मुलांना एका इमारतीतून दुसरीकडे न्यायचं म्हणजे वेळ आणि माणसं दोन्ही लागतात. २०२२ पासून ह्यूस्टनमध्ये सगळं एकाच छपराखाली आणलं आहे. त्यांच्याकडे स्वयंसेवकांची फौज असते, आपल्याकडे दहा-पंधरा विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. उघड्या आवारातून रोबो न्यायची वेळ येणार असेल तर ती जागा सोडून द्या.

तिसरी अट विजेची. एका संघाचा चार्जर, लॅपटॉप, सोल्डरिंग आयर्न धरून ५०० वॅट पकडा. ५० संघांचे झाले २५ किलोवॅट, आणि यात मैदानाचे दिवे, साउंड, एसी काहीच नाही. हॉलच्या मॅनेजरला ‘लाइट पुरेल ना?’ असं विचारलं तर तो हो म्हणणारच. मंजूर लोड किती, थ्री-फेज कुठल्या बोर्डावर आहे, आणि जनरेटर नुसते दिवे उचलतो की प्लगसुद्धा, असं विचारा. जनरेटर चालू व्हायला लागणारे काही सेकंदही महत्त्वाचे असतात. तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि चालू सामना वाया जातो. त्यासाठी मैदानाच्या टेबलाला वेगळा यूपीएस लागेलच.

चौथी अट दाराची. टेम्पो कुठपर्यंत येतो, रॅम्प आहे का, लिफ्ट मालाची आहे की माणसांची? मोठ्या गटातला रोबो पन्नास किलोंच्या पुढे जातो. पहिल्या मजल्यावरचा देखणा हॉल आणि वर जायला फक्त जिना, असं असेल तर तिथेच निरोप घ्या.

पायरी ३: शहराची तुलना सगळ्यात लांबच्या संघापासून

उरलेल्या जागा नकाशावर मांडा आणि नोंदणी होण्याची शक्यता असलेल्या संघांपैकी सगळ्यात लांबचा, सगळ्यात कमी पैशांचा संघ निवडा. गडचिरोलीचं पॉलिटेक्निक असेल, सिंधुदुर्गातली शाळा असेल. त्या संघाचा घरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचा प्रवास तासातासाने लिहा. माझ्या मते शहरांची तुलना करायची याहून प्रामाणिक रीत नाही. यजमानांना जे शहर सोयीचं, ते याच कागदावर बहुतेक वेळा उघडं पडतं.

मुंबईत हॉल भरपूर. पण गर्दीच्या वेळी लोकलमध्ये क्रेट चढवून बघा. लगेजच्या डब्यातही जागेसाठी झटापट असते. अवजड वाहनांना ठरावीक वेळी शहरात बंदी असते, तेव्हा टेम्पोची वेळही त्याप्रमाणे ठरवावी लागते. त्या मानाने वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र स्टेशनजवळ आहे आणि पनवेलला उतरणाऱ्या संघांना हार्बर लाइन सोयीची पडते.

पुण्यात बालेवाडी मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून आहे, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीच्या बसला ते बरं. विमानतळ मात्र लोहगावला, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

नागपूर यादीत अनेकदा नसतंच, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग तिथे एकमेकांना छेदतात, तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत चारही दिशांच्या संघांना ते अंतर समान पडतं. फक्त एप्रिल-मे टाळा. त्या उन्हात एसीशिवाय हॉल घेणं म्हणजे मुलांचे आणि मोटारींचे हाल.

गोव्याचं नाव मुलं स्वतःच सुचवतात. डिसेंबरात तिथलं खोलीभाडं विचारून बघा, उत्साह ओसरेल. पावसाळ्यात खोल्या स्वस्त, पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं आणि गाड्या जास्त वेळ घेतात.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं आहे. म्हणून जागा आणि तारीख त्याच्या बरीच आधी जाहीर झाली पाहिजे. तारीख ठरली पण शहर नाही, असं झालं की लांबचे संघ वेटिंग लिस्टवर प्रवास करतात.

विमानाने येणाऱ्यांचा प्रश्न बॅटरीचा. लिथियम बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवाशाला नेता येत नाही. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच ठेवायच्या. आता सहा सेलची २२.२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या: गुणाकार १११ वॅट-अवर. म्हणजे रोबोकॉनच्या संघांकडे सर्रास सापडणारी बॅटरी परवानगीच्या रकान्यात जाते. यजमान शहरात बॅटऱ्या भाड्याने किंवा उसन्या मिळतील अशी सोय करता आली तर त्या शहराला जास्त गुण द्या.

परदेशी संघ बोलावणार असाल तर व्हिसा हा स्वतंत्र रकाना करा. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या फर्स्ट ग्लोबल स्पर्धेला निघालेल्या अफगाण मुलींच्या संघाला दोनदा व्हिसा नाकारला गेला होता; शेवटच्या क्षणी वरून हस्तक्षेप झाल्यावर त्या पोचल्या.

पायरी ४: खर्चाचे दोन रकाने

समिती नेहमी स्वतःचाच खर्च मोजते: भाडं, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, डिपॉझिट, मांडव, जेवण. याच्या शेजारी दुसरा रकाना काढा, एका संघाचा खर्च. प्रवास, दोन रात्री राहणं, रोबोची वाहतूक. मग त्याला संघांच्या संख्येने गुणा. फुकट मिळालेला आडगावचा हॉल या दुसऱ्या रकान्यात अनेकदा सगळ्यात महाग ठरतो. कॉलेजचं वसतिगृह सुट्टीत रिकामं मिळत असेल तर चित्र बदलतं, पण मुलींसाठी वेगळी, रेक्टर असलेली व्यवस्था आहे का हे स्वतः जाऊन बघा.

पायरी ५: सामन्याच्याच वेळी हॉलमध्ये जा

दोन-तीन जागा उरल्या की त्या प्रत्यक्ष बघा, आणि ज्या वेळी सामने होणार त्याच वेळी. दुपारी तीनला छताच्या काचेतून ऊन थेट मैदानावर पडत असेल तर रेषेवरून चालणारे आणि रंग ओळखणारे रोबो गोंधळतात. पडदे लावता येतील का ते विचारा. बॅडमिंटनच्या लाकडी कोर्टावर खिळा मारायला कोणी देणार नाही. वर प्लायवूड टाकायची परवानगी आणि त्याचा खर्च धरा. चेंडू फेकायचा खेळ असेल तर छताला लोंबणारे पंखे मोजा.

मोबाइलवर वाय-फाय अॅनालायझर उघडून आसपास किती नेटवर्क आहेत ते पाहा. वायरलेसला हलक्यात घेऊ नका. २०१२ मध्ये सेंट लुइसला फर्स्टच्या अंतिम सामन्यांत रोबो मैदानातच थबकले होते. चौकशीत तांत्रिक कारणं तर निघालीच, शिवाय एका व्यक्तीने मुद्दाम संपर्कात अडथळा आणल्याचंही समोर आलं. हॉलचं स्वतःचं वाय-फाय स्पर्धेच्या वेळी बंद ठेवायला व्यवस्थापन तयार आहे का, हा प्रश्न तिथेच विचारा.

पायरी ६: गुण आणि करार

आता कुठे गुणांचा तक्ता. पाच-सहा रकाने पुरेत: लांबच्या संघाचा प्रवास, एकूण खर्च, पिटची सोय, राहणं, वायरलेस आणि उजेड, प्रेक्षकांची जागा. पहिल्या दोघांना दुप्पट वजन द्या. प्रत्येक सदस्याने गुण वेगवेगळे लिहावेत, आधी चर्चा नको. नाहीतर अध्यक्षांचा आवडता हॉल जिंकतो. दोन जागांत फरक किरकोळ असेल तर ज्याचा मॅनेजर फोन उचलतो ती जागा घ्या.

करारात ताब्याची आणि सोडण्याची वेळ तासासह लिहून घ्या. जादा तासाचा दर, जनरेटरचं डिझेल कोणाचं, फरशीचं नुकसान कसं मोजणार, अतिवृष्टीने तारीख पुढे गेली तर डिपॉझिटचं काय, आणि बॅटऱ्या चार्ज करायला कोणता कोपरा मिळणार, हे सगळं कागदावर हवं. त्या कोपऱ्यात वाळूच्या बादल्या ठेवायला परवानगी आहे, असंही एक वाक्य घालून घ्या.