फेरेटला वेदनाशामक देताना या चुका टाळा

फेरेटला, म्हणजे मुंगसासारखा दिसणाऱ्या या लहान पाळीव प्राण्याला, दुखत असले तरी तो सहसा ओरडत नाही. तो दात खातो, डोळे अर्धवट मिटून घेतो, पाठ वाकवून बसतो, नेहमीसारखा वेटोळे करून झोपत नाही आणि आवडीचे खाणेही हुंगून सोडून देतो. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या घरात रात्री अकरा वाजता ही लक्षणे दिसली, तर दवाखाने बंद झालेले असतात आणि हात आपोआप घरातल्या औषधांच्या डब्याकडे जातो. सर्वांत घातक चूक तिथेच होते.

त्या डब्यातली आयबुप्रोफेनची 200 मिलिग्रॅमची एकच गोळी फेरेटचा जीव घेऊ शकते. आधी तो सुस्त होतो, मग झोकांड्या खातो, थरथरतो आणि बेशुद्धीत जातो. पॅरासिटामॉल पचवण्याची त्याच्या यकृताची क्षमता मांजराप्रमाणेच तोकडी असल्यामुळे लहान मुलांचे तापाचे सिरपही त्याला चालत नाही. असे काही आधीच दिले गेले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता आणि घरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता, औषधाचे पाकीट सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे निघावे.

मोजमापातली चूक यापेक्षा अधिक सावधपणे सांभाळावी लागते, कारण ती योग्य औषध हातात असतानाही होते. पशुवैद्य फेरेटसाठी बहुधा मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक लिहून देतात. एक किलोच्या फेरेटला त्याची दिवसाची मात्रा 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास लागते, तर माणसांसाठी सहज मिळणारी गोळी 7.5 मिलिग्रॅमची असते. म्हणून गोळी कुटून तिचे अंदाजाने भाग पाडणे कटाक्षाने टाळावे. प्राण्यांसाठीच्या द्रव औषधातही मांजरांची बाटली 0.5 आणि कुत्र्यांची 1.5 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असू शकते, म्हणजे नुसती बाटली बदलली तरी मात्रा तिप्पट होते. इन्सुलिनची सिरिंज सुई काढून वापरत असाल, तर 40 युनिटच्या सिरिंजवर 4 युनिट म्हणजे 0.1 मिलिलिटर आणि 100 युनिटच्या सिरिंजवर मात्र तेच 4 युनिट म्हणजे 0.04 मिलिलिटर, हे ध्यानात ठेवावे. माझ्या मते डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी आणि पहिला डोस त्यांच्यासमोरच सिरिंजमध्ये भरून दाखवावा. एखादा डोस चुकला, तर पुढचा दुप्पट देऊ नये.

मध्यम वयाच्या फेरेटमध्ये इन्सुलिनोमा, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडून रक्तातली साखर उतरवणारी स्वादुपिंडाची गाठ, वारंवार आढळते आणि तिच्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू असते. मेलॉक्सिकॅम आणि प्रेडनिसोलोन एकत्र दिल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. त्यातही दुखणे एका डॉक्टरांकडे आणि इन्सुलिनोमा दुसऱ्यांकडे दाखवला जात असेल, तर चालू औषधांची यादी प्रत्येक वेळी आपण स्वतःच पुढे करायला हवी. प्रेडनिसोलोन मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते. शी डांबरासारखी काळी दिसली, तर मेलॉक्सिकॅमचा पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

इन्सुलिनोमामुळेच आणखी एक गल्लत होते. तोंडाला पंजे मारणे, लाळ गळणे, शून्यात पाहत राहणे, मागचे पाय लुळे पडणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात, परंतु घरातल्यांना ती वेदना वाटतात आणि वेदनाशामक दिल्याने मोलाचा वेळ जातो. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध चोळावा, बोट दातांमध्ये जाऊ देऊ नये आणि लगेच दवाखाना गाठावा. फेरेटचे अन्न तीन-चार तासांत पचनमार्गातून पुढे जाते, त्यामुळे औषध देण्यासाठी त्याला उपाशी ठेवू नये. मेलॉक्सिकॅम तर खाण्याबरोबरच द्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईचा उकाडा फेरेटला झेपत नाही, आणि शरीरातले पाणी कमी झालेले असताना मेलॉक्सिकॅम दिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. तो पाणी पीत नसेल, जुलाब होत असतील किंवा उष्णतेने धापा टाकत असेल, तर पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. फेरेट पाहणारे पशुवैद्य मोजकेच असल्यामुळे, आपल्या भागात रात्री फोन उचलणारे कोण आणि ते नसल्यास परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयापर्यंत जाण्याची सोय काय, याची चौकशी फेरेट धडधाकट असतानाच करून तो क्रमांक, त्याचे ताजे वजन आणि चालू औषधे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावीत.