दबक्या पावलानं जंगल चालायचं, तर पायात काय?

आधीच सांगून ठेवतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे शिकार आपल्याकडे गुन्हा आहे, आणि हे लिहिणं तिच्यासाठी नाही. पण जनावराच्या जवळ पोचायची विद्या मूळची पारध्यांची आणि शिकाऱ्यांचीच. आज ती व्याघ्रगणनेत आखून दिलेल्या रेषेवर जनावरं मोजत चालणाऱ्याला लागते, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला लागते, पगमार्क, म्हणजे जनावराच्या पावलांचे ठसे, शोधणाऱ्या वनमजुराला लागते.

मी गोंदियाकडच्या नवेगावबांधच्या बाजूच्या गावचा. आजोबा हाक्यात जात. साहेब लोक बूट घालून मचाणावर आणि आजोबांसारखे लोक अनवाणी, नाहीतर वहाणा घालून रान उठवायला. बाबा वनमजूर, मीही तेच केलं. आता गणनेला येणाऱ्या पोरांना चालायला शिकवतो. दर खेपेला एखादा मोबाईलवर बघून विचारतोच, "काकाजी, मोकासिन घालून आलो तर चालन का?" चालन, पण कोणते ते बघून.

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे हे मऊ चामड्याचे जोडे. त्यांत मोठे दोन प्रकार. पूर्वेकडच्या दाट, ओलसर जंगलात राहणाऱ्यांचे जोडे तळापासून वरपर्यंत एकाच मऊ कातड्याचे, पंज्यावर चुण्या घालून शिवलेले. तिथं जमिनीवर पाला कुजून गादी झालेली असते, पाय बोचत नाही. पश्चिमेकडच्या कोरड्या माळरानात निवडुंग आणि खडे, म्हणून तिथले लोक खाली कच्च्या, न कमावलेल्या कातड्याचा कडक तळ लावत. कातडं हरणाचं, मेंदू चोळून कमावलेलं आणि वरून धुरी दिलेलं, म्हणजे भिजून वाळलं तरी मऊ राहतं. धनुष्यानं शिकार करायची तर अगदी जवळ जावं लागतं, म्हणून पावलाचा आवाज हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. तिकडं आजही धनुष्याचे शिकारी बूट घालून जातात आणि शेवटच्या टप्प्यात बूट काढून जाड लोकरी मोज्यांवर सरकतात.

आपलं जंगल त्या पश्चिमेकडच्या माळाच्या जवळचं. साग, ऐन, धावडा, तेंदू, मध्ये बांबूची बेटं. खाली मुरूम, त्यावर बोरीचे, येरोनीचे, बाभळीचे काटे, आणि दिवाळीनंतर कुसळ. एकाच मऊ कातड्याचे जोडे घालून इथं आलात तर दुपारपर्यंत सुईनं काटे काढत बसाल. जोडे करायचेच असतील तर कडक तळाचे करा.

आणि हरणाचं कातडं डोक्यातून काढून टाका. चितळाचं, सांबराचं कातडं घरात नुसतं ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे, ते रानात मेलेलं सापडलं असलं तरी.

जोडे करून घ्यायचे तर

बाजारात बसणाऱ्या चांभाराकडे जा आणि अर्धा दिवस त्यांच्याजवळ बसा. तळाला म्हशीचं चामडं मागा, बाभळीच्या सालीनं कमावलेलं, तीन-साडेतीन मिलिमीटर जाड. याहून जाड घेतलं तर खालचं काही कळत नाही. पातळ घेतलं तर बाभळीचा काटा आरपार येतो. वरच्या भागाला शेळीचं मऊ चामडं. माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पुठ्ठ्यावर दोन्ही पाय ठेवून, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला पेन्सिल फिरवू द्या. स्वतः वाकून काढलेलं माप नेहमी चुकतं. दोन्ही पायांचं वेगळं घ्या. डावा-उजवा सारखा असलेला माणूस मी क्वचितच पाहिला.

चांभाराला तीन गोष्टी नीट समजावून सांगा. टाच लावायची नाही, तळ एकसारखा सपाट. शिवण आतून घ्यायची, म्हणजे जोडा उलटा शिवून ओला असताना सुलटा करायचा. दोरा तळाला उघडा राहिला की मुरूम तो चार दिवसांत खातो. आणि घोट्यावर चार बोटं उंच पट्टी, वादीनं बांधता येईल अशी, कुसळं आत जाऊ नयेत म्हणून. चांभार म्हणतील, "टाच नाही लावत तं लवकर झिजन जी." झिजू द्या.

जोडा आवळच हवा. चामडं सैल पडतं, पण आखडत नाही. पहिल्या दिवशी ओला करून पायात घाला आणि वाळेपर्यंत घरात फिरा, तो तुमच्या पायाचा आकार धरतो.

तेल लावाल ते एरंडीचं. आपल्याकडे घरोघरी जवसाचं तेल असायचं, म्हणून लोक तेच चोळतात. पण जवसाचं तेल वाळून कडक होतं, रंगात घालतात ते त्यासाठीच. एरंडीचं वाळत नाही. तेल न लावलेलं नवं चामडं कर्र-कर्र वाजतं, आणि तो आवाज चितळाला पाल्याच्या आवाजाआधी कळतो.

बूट

बुटांची टिंगल करणारे लोक मला आवडत नाहीत. पावसाळ्यात, रात्री, गस्तीला, ओझं घेऊन लांब चालायचं असेल तेव्हा बूटच. घोणस, नाग, फुरसं, चालताना यांचा दंश बहुतेक वेळा पावलाला नाहीतर घोट्याजवळ होतो. सूर्य मावळल्यावर मऊ जोडा पायात असलेला माणूस मी रेषेवर घेत नाही. पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर गवतातून जायचं असेल तर पँट मोज्यात खोचा. स्क्रब टायफस हा ताप पसरवणारे बारीक किडे गवतातूनच अंगावर चढतात, आणि २०१८ साली नागपूरकडे या तापानं माणसं दगावली ते आठवत असेल.

बूट घेताना दुकानात तो हातात धरून पंज्याजवळ दुमडून बघा. हातानं दुमडत नाही तो रानात पायानंही दुमडणार नाही. पुढं लोखंडी टोपी असलेला कारखान्यातला बूट नको. तळाच्या खाचा फार खोल नकोत; काळ्या मातीत त्या भरतात आणि प्रत्येक पायाला किलोभर चिखल लटकतो. गमबूट धानाच्या बांधीत उत्तम, साप-काट्यापासून पाय वाचतो, पण चालताना पोटरीवर फटफट वाजतो. टायरच्या चपलेचंही तसंच, काटा रोखते पण टाचेवर चटचट आपटते. आणि बुटाला दोष देण्याआधी पँट बघा. नायलॉनची पँट मांडीला मांडी घासून जेवढी वाजते तेवढे बूट वाजत नाहीत. सुती घाला.

मी पोरांना जे करायला सांगतो ते असं: गाडीरस्त्यापासून रेषेपर्यंत बूट, आणि मऊ जोडे पाठीवरच्या पिशवीत. जिथून जनावर दिसायची शक्यता सुरू होते तिथं, पूर्ण उजेड असेल तर, बदला.

चालायचं कसं

जोडा बदलला आणि चाल तीच ठेवली तर काही उपयोग नाही. बूट घालणाऱ्याची टाच आधी आपटते, कारण बूट ते सोसतो. मऊ जोड्यात तशी टाच आपटली तर गुडघा दुखेल आणि आवाजही होईल. गुडघे थोडे वाकवा. पाऊल लहान. आधी पंज्याची बाहेरची कड टेकवा, वजन मागच्याच पायावर राहू द्या. मग पंजा आतल्या बाजूला लोळवा. खाली काडी आहे, खडा आहे, काय आहे ते तळव्याला कळतं. काडी असेल तर पाय उचलून दुसरीकडे. जमीन बरी वाटली की टाच टेका आणि मगच वजन पुढं न्या. हे सगळं पायाकडे न बघता. नजर समोर, जनावर समोर असतं. आंधळा माणूस हातानं भांडं चाचपतो तसं तळव्यानं चाचपायचं.

एकसारखं टप-टप चालू नका. रानात तसं माणूसच चालतं. चितळ तीन पावलं टाकतं, थांबतं, खातं. तुम्हीही दोन-चार पावलं टाकून थांबा.

सागाच्या पाल्याचं वेगळं सांगायला हवं. नोव्हेंबर ते जानेवारी, पहाटे दवानं पाला ओला असतो तोवर त्यावरून मांजरासारखं जाता येतं. ऊन चढलं की तोच पाला पापडागत फुटतो. फेब्रुवारीनंतर तर पहाटेही उपयोग नाही, मग मोकासिन असो की अनवाणी पाय. तेव्हा पाल्यावरून जायचंच नाही. नाल्यातली वाळू धरा, गुराची वाट धरा, जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा, धरा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी वनविभाग जाळरेषा साफ करतो, म्हणून नंतरचे महिने त्याच चालायला चांगल्या. गणनेची रेषा २ किलोमीटर सरळ असते, तिथं वाट निवडता येत नाही. तिथं वेळच निवडायची, म्हणजे उजाडता-उजाडता सुरुवात.

पायांना सवय हळूहळू लावा. जन्मभर टाचेचे बूट घातलेल्या माणसाच्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर आखडलेली असते. पहिले काही आठवडे अंगणात, शेताच्या धुऱ्यावर थोडं-थोडं चाला. पोटरी दुखली की थांबा.

आता एक गोष्ट, जी परदेशी सल्ल्यात सापडत नाही. आपल्या जंगलात मुकाट चालणं नेहमी शहाणपणाचं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, ती खायला अस्वलं येतात, आणि अस्वल खाण्यात गुंग असलं की त्याला आजूबाजूचं भान नसतं. पाच-सात पावलांवर माणूस अचानक दिसला तर ते पळत नाही, अंगावर येतं. म्हणून आमच्या बाया पहाटे मोह वेचायला जाताना मोठ्यानं बोलत, डबे वाजवत जातात. तेंदूपानांच्या हंगामातही तसंच. मऊ जोडे घालून, आवाज न करता, एकट्यानं मोहाखाली जाणाऱ्याला मी हुशार म्हणणार नाही. वनरक्षक सोबत असेल, मोकळं दिसत असेल, वारा तोंडावर येत असेल, तेव्हाच दबकत चाला. झाडोरा दाट झाला, वळण आलं, नाल्याची दरड आली, की मुद्दाम खाकरा, काठी आपटा. त्या दिवशी जनावर नाही दिसलं तर नाही दिसलं.

घरी आल्यावर जोडे सावलीत वाळवा, चुलीजवळ नको, तळ तडकतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. सकाळी घालताना, बूट असो की जोडा, उलटा करून आपटा; विंचवाला अंधारी जागा आवडते. मऊ जोड्याचा तळ झिजला की चांभार तो उसवून नवा लावून देतात, वरचं चामडं तसंच चालतं. बुटांचं उलटं आहे. गणना दर चार वर्षांनी येते म्हणून काही जण महागाचे बूट मधली वर्षं पेटीत जपून ठेवतात, आणि पॉलियुरेथेनचा तळ न वापरताही दमट उष्ण हवेत आतून कुजत जातो. रेषेच्या मध्यात तो भुगा होऊन सुटतो. निघायच्या आठवडाभर आधी ते बूट काढून गावात दोन-तीन तास चालून बघा.