पेशी पडल्या की फुप्फुसं बुरशीपासून कशी जपायची

पावसाळा तोंडावर आला की परळच्या आमच्या केमोच्या वॉर्डात एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, ह्याची इम्युनिटी वाढवायला काय देऊ?" कुणी गुळवेलाची पावडर आणलेली असते, कुणी गावाहून काढ्याची पुडी मागवलेली असते. त्यामागची माया मला कळते, म्हणून मी घाईत उत्तर देत नाही. पेशी पडलेल्या, म्हणजे केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, पेशंटला अशा सुट्या पावडरी देऊच नका, त्यांत बुरशीचे बीजाणू असू शकतात. आणि इम्युनिटी ही औषध घेऊन वर चढवायची एकच गोष्ट नाही. शरीरात वेगवेगळ्या फळ्या आहेत. तुमच्या माणसाची कोणती फळी पडली आहे हे कळलं, तरच काय जपायचं ते कळतं.

ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज शेकड्यांनी श्वासावाटे आत घेतो. ते जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचे असतात, त्यामुळे नाकातल्या केसांना चुकवून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. वाटेत श्वासनलिकेतला चिकट कफ त्यांतले बरेच पकडतो आणि नलिकेवरची सूक्ष्म लव तो कफ दादर स्टेशनच्या सरकत्या जिन्यासारखा सतत वर घशाकडे आणत राहते. ही पहिली फळी. बिडी-सिगरेटने ही लव मंदावते, म्हणून घरात कुणी ओढत असेल तर आजपासून बंद. ह्यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

जे बीजाणू तरीही खाली पोचतात त्यांना वायुकोशात बसलेल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात. ही दुसरी फळी. इथली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कोरड्या बीजाणूवर प्रथिनाचं आवरण असतं आणि त्यामुळे तो पेशींना जवळजवळ दिसतच नाही. ओलावा मिळून तो फुगू लागला, अंकुरायला लागला, की आवरण फाटतं आणि आतली बीटा-ग्लुकन नावाची साखर उघडी पडते. मॅक्रोफेजवर डेक्टिन-1 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, तो नेमकी हीच साखर ओळखतो आणि मदतीची हाक जाते. प्रत्येक कोरड्या बीजाणूसाठी अशी हाक गेली असती, तर आपलं फुप्फुस कायम सुजलेलं राहिलं असतं.

हाकेला धावून येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. ही तिसरी फळी. बीजाणूतून तंतू फुटला की तो गिळायला फार लांब होतो. मग न्यूट्रोफिल त्याला चिकटतात आणि त्याच्यावर जहाल ऑक्सिजन-संयुगं सोडतात. ही संयुगं बनवणारं यंत्र काही मुलांमध्ये जन्मतःच नादुरुस्त असतं, आणि त्यांना बुरशीचा न्यूमोनिया परत परत होतो. अशा जन्मजात दोषांवर परळलाच, केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या राष्ट्रीय संस्थेत काम चालतं. पेशी परक्या जिवाला गिळतात हे शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ ह्यांनी 1884 मध्ये पाण्यातल्या इवल्याशा डॅफ्नियामध्ये दाखवलं, तेव्हाही समोरचा शत्रू बुरशीच होती.

आता कामाचं. हातात सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घ्या. एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी बघा. समजा पांढऱ्या पेशी 1800 आणि न्यूट्रोफिल 22 टक्के. 1800 गुणिले 22 भागिले 100, म्हणजे 396. हा झाला एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा. तो 500 च्या खाली गेला की तिसरी फळी जवळपास रिकामी आहे असं समजा. दोन-चार दिवस तसा राहिला तर एकवेळ निभावतं, पण दहा दिवसांच्या वर राहिला की बुरशीचा धोका खूप वाढतो. म्हणून आकड्याखाली तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांना नुसतं "काउंट कमी आहेत" सांगण्यापेक्षा "कधीपासून कमी आहेत" हे सांगा.

स्टेरॉइडवर असलेल्या पेशंटचं मात्र वेगळं. तिथे रिपोर्टमधल्या न्यूट्रोफिलचा आकडा चांगला, कधी वाढलेलाही दिसतो, आणि घरचे निर्धास्त होतात. पेशी असतात, पण त्यांचं काम थंडावलेलं असतं. मॅक्रोफेजनी गिळलेला बीजाणूही मरत नाही. त्यात रक्तातली साखर वाढली की न्यूट्रोफिल आणखी सुस्तावतात. रक्तात आम्ल वाढलं तर बांधलेलं लोह सुटं होतं आणि म्युकरच्या बुरशीला तेच हवं असतं. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण हे डोळ्यांनी बघितलं. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका, आणि साखर रोज तपासा.

मग खोली. गेल्या पावसाळ्यात खानदेशातून आलेल्या एका आईने मला मोबाइलवर फोटो दाखवला. मुलाला ल्युकेमिया, हॉस्पिटलजवळ जुन्या चाळीत भाड्याची खोली, आणि कपाटामागे कमरेपर्यंत काळी-हिरवी बुरशी. ती म्हणाली, "ताई, तो यायच्या आत ब्रशने खरवडून काढते." मी तिला थांबवलं. कोरडं खरवडलं की लाखो बीजाणू हवेत उडतात. मुलगा निदान त्या दिवशी तरी खोलीत नको. साफ करणाऱ्याने एन-95 मास्क आणि हातमोजे घालायचे, खिडकी उघडायची. भिंत आधी साबणाच्या पाण्याने ओली करायची, ओल्या फडक्यानेच पुसायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. ब्लीच वापरायचं तर साध्या पाण्यात पातळ करून. ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. हे सगळं करूनही वरची मोरी गळत असेल तर बुरशी पुन्हा येणार. शेवटी तिने खोलीच बदलली, आणि तेच योग्य झालं.

घरात केरसुणीने झाडू नका, ओल्या कपड्याने लादी पुसा. तुळशीची कुंडी असू दे, पण माती उकरायचं काम पेशंटने करायचं नाही. शेजारी तोडफोड चालू असेल तर खिडक्या बंद. हॉस्पिटलला येताना धुळीतून जायचं तर साधा कापडी मास्क पुरत नाही, एन-95 लागतो आणि तो नाकावर घट्ट बसायला हवा.

कबुतरांबद्दल सगळेच विचारतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी वाढते. ती आधी फुप्फुसात शिरते आणि टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) पडलेल्या असतील, जसं एचआयव्हीत किंवा किडनी ट्रान्सप्लांटनंतर होतं, तर तिथून मेंदूपर्यंत जाते. गॅलरीला जाळी लावा आणि घाण ओली करून काढा.

टीबी होऊन गेलेल्या घरांनी एक लक्षात ठेवावं. टीबीने फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर तिथे लवही काम करत नाही आणि पेशीही नीट पोचत नाहीत, बुरशीला आयती जागा मिळते. कोर्स पूर्ण झाल्यावर महिन्यांनी बेडक्यातून रक्त आलं, वजन उतरू लागलं, की टीबीच परत आला असं धरून पुन्हा त्याच गोळ्या सुरू होऊ शकतात. अशा वेळी बेडक्याची टीबीसाठी तपासणी करून घ्याच, सोबत "ॲस्परजिलस आयजीजी आणि सीटी स्कॅन करूया का?" असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आयजीजी म्हणजे ह्या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी. विचारण्यात संकोच बाळगू नका.

एएनसी कमी असताना ताप 100.4 फॅरनहाइट झाला तर घरी गोळी देऊन वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी निघा. गोळीने ताप उतरतो आणि खूण पुसली जाते. न्यूट्रोफिल नसले की पू होत नाही, बेडका फारसा पडत नाही, एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. छातीत एका बाजूला टोचणं, कोरडा खोकला, इतकंच असू शकतं. म्हणून डॉक्टर लगेच सीटी आणि रक्तात बुरशीचा अंश शोधणारी गॅलेक्टोमॅनन तपासणी लिहून देतात. ती "उगाच खर्च" म्हणून टाळू नका.

बुरशीचं औषध सुरू होऊन पेशी वर यायला लागल्या की काही पेशंटचा खोकला उलट वाढतो आणि सीटीतला डागही आधीपेक्षा मोठा दिसतो. घरचे हादरतात. बहुतेक वेळा नव्याने आलेल्या न्यूट्रोफिल तिथे कामाला लागलेल्या असतात. पण ह्याच दिवसांत खोकल्यातून रक्त येऊ शकतं. चमचाभर जरी आलं तरी फोनवर विचारत बसू नका, पेशंटला घेऊन या. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर ती गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा तासाभराने द्या, पेशंटला उन्हात बसवू नका, आणि दुसरी कुठलीही गोळी सुरू करण्याआधी फाइल दाखवा. ट्रान्सप्लांटनंतर देतात त्या टॅक्रोलिमस ह्या औषधाची रक्तातली पातळी व्होरिकोनाझोलने खूप चढते, आणि टॅक्रोलिमसचा डोस डॉक्टरांनीच कमी करून द्यायचा असतो.