जंबो कोळंबीची पिल्लं का मरत होती

आमच्या तळ्यातल्या जंबो कोळंबीच्या माद्या पोटाखाली भरपूर अंडी धरायच्या, पण टाकीत पिल्लं चार-पाच दिवसांत मरायची. मी खाद्यच बदलत बसलो, खरी चूक पाण्यात होती. ही कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण पिल्लांना मचूळ पाणी लागतं. नदीतल्या माद्याही अंडी घेऊन खाडीकडे उतरतात, हे आधी लक्षात यायला हवं होतं.

आता नारिंगी अंडी करडी झाली की मादी वेगळी काढतो. पिल्लांच्या टाकीत क्षारता 12 पीपीटी (म्हणजे हजार भाग पाण्यात 12 भाग मीठ), एअर पंप रात्रंदिवस चालू. दुसऱ्या दिवसापासून अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक जीव), पुढे वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड बारीक चाळून. उरलेलं रोज उपसतो, नाहीतर पाणी नासतं.

महिन्याभराने पहिली पिल्लं तळाशी चालताना दिसली आणि मी टाकीपाशीच बसून राहिलो. मग हळूहळू गोडं पाणी मिसळलं.